जांभळा आला

दगडाशी लग्न लागलेल्या माणसाशी लग्न करू नकोस, असं तिला तिच्या आईने बजावलं होतं. पण ते काही आईचं ऐकायचं वय नव्हे. आणि नंतर तक्रार करायला तिला तरी तोंड कुठे होतं? ती स्वतः त्याच वाटेची. दोघं भूगर्भशास्त्र शिकली एका वर्गात, नोकरीला लागली एका कचेरीत, आणि एकाच भिंगातून दगड बघता बघता एकमेकांकडे कधी बघायला लागली ते त्यांचं त्यांना कळलं नाही. लग्न झालं, लेक झाली. मग कचेरीने त्याला डोंगरावर पाठवलं आणि तिला खाली शहरातल्या कोअर शेडमध्ये ठेवलं. कचेऱ्यांना नवरा-बायको दिसत नाहीत, दोन पगारी माणसं दिसतात.

कोअर म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. डोंगराला मशीनने खोल भोक पाडतात तेव्हा नळीतून खडकाचा दांडका निघतो, मनगटाएवढा जाड. तोच कोअर. निघेल तसा तो तुकड्या-तुकड्यांनी लाकडी पेटीत ओळीने मांडायचा आणि पेट्या ट्रकने खाली पाठवायच्या. खाली ती त्या उघडायची, तुकडे ओल्या स्पंजने पुसायची, भिंगाखाली घ्यायची, करवतीने उभे चिरायची. अर्धा तुकडा प्रयोगशाळेला, अर्धा पेटीत. कचेरीत तिला सगळे पेटीबाई म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, बाई पेटी वाजवतात. एकाने तर भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ कराल का म्हणून विचारलंही होतं.

डोंगरात शोध चालला होता बेरिलियमचा. हा धातू वजनाला हलका आणि कामाला भारी, विमानाबिमानांना लागणारा. पण त्याचं खनिज दिसायला अगदीच दरिद्री. पांढुरकं, मळकट, चुनखडीत मिसळलं की ओळखू येईल तर शपथ. त्याचा पत्ता सांगतो तो फ्लोराइट. कधीकाळी खालच्या ग्रॅनाइटमधून तापलेलं पाणी भेगाभेगांतून वर आलं, चुनखडीला लागलं, आणि चुनखडीचा फ्लोराइट झाला. त्याच पाण्यातून बेरिलियमही आलं. फ्लोराइट कसा, तर गडद जांभळा, दुरूनही डोळ्यांत भरणारा. लग्नात वऱ्हाडी नटलेले आणि नवरदेव साध्या सदऱ्यात, तसा हा प्रकार. वऱ्हाड दिसलं की नवरदेव जवळपास असणार एवढंच समजायचं. म्हणून डोंगरावरची माणसं दिवसभर एकमेकांना एकच विचारायची: जांभळा आला का?

तो वर गेला त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. मधूनअधून चार दिवस घरी यायचा. त्यातला एक झोपेत जायचा, एक कचेरीत, आणि उरलेल्या दोन दिवसांत घरातली सगळी बिघडलेली यंत्रं त्याच्या वाटणीला यायची. तो गेला की पलंगाच्या त्याच्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचायचा. तो येणार असं कळलं की ती तो ढीग उचलायची, आणि ते उचलणं तिला इतकं आवडायचं की कधीकधी तो येणार नसतानाही ती उचलून बघायची. रिकामी गादी बघून मग स्वतःलाच म्हणायची, पुरे झाले हे चाळे.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो खडूने काहीबाही लिहून पाठवायचा. 'जेवलीस का?' 'इथे फार थंडी.' एकदा नुसतंच 'ए.' त्या 'ए'वर ती कितीतरी वेळ हात ठेवून उभी होती. मग शेडवाल्या काकांची चाहूल लागली तशी तिने ओल्या स्पंजने तो पुसून टाकला. संसार असा पेट्यांतून चालला होता.

लेकीला तो खडी म्हणायचा. लहान, टणक आणि पायात येणारी, म्हणून खडी. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर खडी म्हणाली, "माझे बाबा खड्ड्यात असतात." बिचाऱ्या बाईंचा चेहरा पडला आणि त्यांनी संध्याकाळी सांत्वनाला फोन केला. घरात सगळे हसले. सासूबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि मग डोळे पुसतच राहिल्या.

सासूबाईंचा हा एकुलता एक. डावखुरा, आणि नुसता हाताने नाही, वृत्तीनेच. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचणार, कुलूप आधी उलटं फिरवणार, गर्दीत सगळे जिकडून येतायत तिकडेच निघणार. "पायाळू जन्मला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं," सासूबाई म्हणायच्या. "सरळ येणं याच्या नशिबातच नाही."

पहिल्याच भोकात, काम सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, एका संध्याकाळी जांभळा आला. कॅम्पवर फोन लागत नसे. वर चढून एका मोठ्या धोंड्यावर उभं राहिलं तरच लागायचा. तो धावत गेला असणार, कारण त्याला नीट बोलताही येईना.

"आला," तो म्हणाला. "जांभळा आला. हातभर पट्टा आहे गं. आणि पांढरंही आहे त्यात. नाक वाजतंय."

नाक म्हणजे त्यांचं बेरिलियम हुंगणारं यंत्र. ती स्वयंपाकघरात उभी होती. तिने गॅस बंद केला आणि खाली फरशीवरच बसली.

"साहेब काय म्हणाले?"

"साहेबांना कुठे सांगितलंय अजून. आधी तुला."

लग्नाआधी ज्या आवाजात तो बोलायचा तो हा आवाज होता. ती त्या आवाजावर पुढे कितीतरी महिने जगली. पण तिथून पुढे जे व्हायला लागलं ते आक्रीतच. पहिल्या भोकातल्या कोअरवरून दिसत होतं की पट्टा नदीच्या अंगाला कलत खाली गेलाय. कल कुठे आहे हे कळावं म्हणून तिरक्या भोकातल्या कोअरवर तळाच्या बाजूने एक रेघ मारतात. ती रेघ देणारं उपकरण पट्टा लागून गेल्यावर त्या पहिल्या भोकातच तुटून अडकलं, आणि कचेरीने दुसरं काही घेतलं नाही. कशाला घ्यायचं? कल तर कळला होता. मग नदीच्या अंगाला भोकावर भोक पाडत गेले. चुनखडी निघाली, मग चुनखडी, आणि त्याखालीही चुनखडीच. जांभळा औषधालाही नाही. मोठे साहेब आधी धीराचे होते, मग गप्प झाले, मग त्यांनी सांगितलं: महिनाअखेर काम बंद, मशीन खाली आणा, आणि तुम्ही शहरातल्या कचेरीत रुजू व्हा.

त्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती त्याच्याबरोबर हळहळली. अगदी मनापासून हळहळली. फोन ठेवला आणि उठून कपाटातला एक खण रिकामा केला, त्याच्या शर्टांसाठी. तिला आनंद झाला होता. झाला म्हणजे झालाच, आता ते झाकण्यात काय हशील? शर्टांच्या रिकाम्या जागेवर तिने नवा कागद अंथरला आणि अंथरताना ती गुणगुणत होती.

काम बंद करायचं म्हटलं की कचेरीला एकदम शिस्त आठवते. हुकूम आला की सगळ्या पेट्या पुन्हा एकदा उघडा, पुसा, फोटो काढा, मग गोदामात टाका. शेडवाले काका एकेक पेटी टेबलावर आणून ठेवत होते. फिरता फिरता पहिल्या भोकातली ती पेटी आली, जांभळ्या पट्ट्याची. ही पेटी तिने याआधी दहादा पाहिली होती, पण पाहिला होता तो जांभळा. रंगाला भुलायचं नाही हे भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षातला मुलगाही शिकतो, आणि तरी ती भुलली होती. आज जांभळ्याकडे बघण्यात काही अर्थ उरला नव्हता, म्हणून तिची नजर शेजारच्या साध्या करड्या चुनखडीवर गेली.

त्या चुनखडीत बारीक बारीक पोकळ्या होत्या, वाटाण्याएवढ्या. प्रत्येक पोकळी अर्धी गाळाने भरलेली आणि अर्धी जांभळ्या स्फटिकांनी. असं असतं. खडकात आधी पोकळी होते, पाण्याबरोबर आलेला गाळ तिच्या तळाशी बसतो, उरलेल्या जागेत नंतर स्फटिक वाढतात. गाळ खाली आणि स्फटिक वर. गाळ खाली बसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चहाच्या कपात तेच आणि डोंगराच्या पोटातही तेच. आणि कोअरच्या प्रत्येक तुकड्यावर एक लाल बाण असतो, खालची बाजू कोणती ते दाखवणारा.

या ओळीत गाळ बाणाच्या उलट बाजूला होता.

तिने भिंग पुसलं. दुसरी पोकळी पाहिली, तिसरी पाहिली. मग पूर्ण ओळ पाहिली. एखादी पोकळी खोटं बोलेल, सगळ्याच कशा बोलतील? त्या ओळीतला सगळा गाळ छताला चिकटला होता. म्हणजे एकतर देवाने त्या दिवशी पृथ्वी उलटी धरली होती, नाहीतर ही ओळ पेटीत उलटी मांडली गेली होती.

आणि मग तिला लख्ख कळलं. पेटी भरायची ती पुस्तक वाचतात तशी, डावीकडून उजवीकडे. वरचा तुकडा डावीकडे, खालचा उजवीकडे. मदतनीस सकाळी येतो आणि डोळे झाकून डावीकडून उजवीकडे बाण मारत जातो. ही एक ओळ कोणीतरी उजवीकडून भरली होती. ओळीच्या दोन्ही टोकांचा खडक असा भुगा झालेला की तुकड्यांची तोंडं आधीच्या ओळीशी जुळायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. आणि त्या कॅम्पवर उजवीकडून सुरुवात करणारा माणूस एकच होता.

ओळ फिरवून धरली की कलही फिरत होता. पट्टा नदीकडे गेलाच नव्हता. तो डोंगराच्या आत गेला होता, मागच्या उताराखाली, जिकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इतकी भोकं पाडली ती सगळी नेमकी नको त्या अंगाला.

पहिल्यांदा तिला हसूच आलं, मोठं, शेडभर घुमेल असं. हात खिशातल्या फोनकडे गेला. त्याला सांगायचं, अरे पायाळू, तुझा जांभळा आहे, आहे तिथेच आहे, तूच त्याच्याकडे पाठ करून बसलास. हा आनंद खोटा नव्हता. धंद्यातल्या माणसाला असा क्षण एखादाच मिळतो.

मग तिला तो रिकामा खण आठवला.

मागच्या उतारावर रस्ता नाही. आधी रस्ता, मग पाणी, मग मशीन, मग भोकं. दोन वर्षं म्हटलं तरी कमीच. खडी तोपर्यंत किती मोठी झालेली असेल? सासूबाईंचं तर बोलायलाच नको, त्यांचं आज बरं तर उद्या नाही. आणि ती स्वतः? तिने स्वतःला कधी मोजलंच नव्हतं.  तिला तो हवा होता. रात्री कुशीला, सकाळी चहाला, भांडायला, विचारायला, नुसता घरात वावरायला. डोंगर बापडा कोट्यवधी वर्षं थांबलाय, आणखी थोडं थांबेल. आपण कुठे कोट्यवधी वर्षं थांबणार आहोत?

"बाई, ही झाली का?" शेडवाल्या काकांनी विचारलं.

"झाली," ती म्हणाली. "न्या."

जिच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, ती बाई मूग गिळून बसली.

तो आला तेव्हा दुपार होती. एक सॅक, एक पत्र्याची ट्रंक आणि त्याचा हातोडा. हातोडा त्याने आल्या आल्या माळ्यावर टाकला, अगदी मागे, जुन्या कुकरच्या पलीकडे. खडी त्याच्या पाठीवर चढली ती जेवायला बसेपर्यंत उतरली नाही. सासूबाईंनी त्याच्या दंडाला हात लावून पाहिला आणि वाळलास की रे म्हणाल्या. रात्री त्याने शर्ट नव्या कागदावर रचले. पहिले काही दिवस तर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मोरीतला गळका नळ बंद झाला. खडीला शाळेत सोडायला बाप जाऊ लागला, आणि बाबा खड्ड्यात नाहीत हे वर्गाने डोळ्यांनी पाहिलं. कचेरीतून दोघं बरोबर परत यायची, वाटेत भाजी घ्यायची, पिशवीचा एकेक बंद धरून जिना चढायची. जिन्यात मध्येच थांबून ती त्याच्याकडे बघायची आणि तो म्हणायचा, काय गं? ती म्हणायची, काही नाही, दम लागला.

मग हळूहळू एकेक गोष्ट तिला दिसायला लागली. बघायचा धंदाच तिचा, न दिसून सांगते कुणाला?

तो फार चांगला वागत होता. हेच आधी खटकलं. काही विचारलं की "चालेल" म्हणायचा. भाजी कोणती करू, चालेल. रविवारी बहिणीकडे जायचं, चालेल. साखरेचा डबा कुठे आहे ते विचारायचा, घेतल्यावर होता तिथेच ठेवायचा. पूर्वी हा माणूस आला की घराचा उकिरडा व्हायचा, खिशाखिशांतून दगड निघायचे, वॉशिंग मशीनमध्ये खडखडाट व्हायचा आणि ती कडाकडा भांडायची. आता भांडायला कारणच मिळेना. कचेरीत त्याला एक टेबल दिलं होतं. दुसऱ्यांचे अहवाल तपासायचे. पाच वाजले की टेबल आवरून तो जिन्यापाशी तिची वाट बघत उभा राहायचा. आणि एका सकाळी तिने पाहिलं, तो वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचत होता. 

तरी ती गप्प राहिली. स्वतःशी म्हणाली, रुळेल. नवी चप्पलही चावतेच की चार दिवस.

मग ती दुपार आली. सुट्टी होती. खडीने खिडकीतला जांभळा स्फटिक उचलला, जो त्याने पहिल्या वर्षी तिला आणून दिला होता, आणि बापाच्या पुढ्यात धरला.

"बाबा, हा तुम्हाला कुठे सापडला?"

ती पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होती. तिला वाटलं, आता हा सुरू होणार. तापलेलं पाणी, भेगा, ग्रॅनाइट, चुनखडी. पोरीला झोप येईपर्यंत थांबणार नाही.

"असाच," तो म्हणाला. "रस्त्यात."

"रस्त्यात असे असतात?"

"असतात कधीकधी. त्यात काही विशेष नसतं गं."

खडी स्फटिक घेऊन खेळायला निघून गेली. तो मान खाली घालून बसला होता. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मला बघताच येत नसावं बहुधा. इतकी वर्षं आपली उगाच समजूत. केवढ्या लोकांना मी कामाला लावलं, आणि काय होतं तिथे? काही नव्हतं."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हा माणूस तिने घरी आणला होता. डोंगराकडून मागून नाही, चोरून आणला होता, आणि आणताना अर्धा तिथेच ठेवून आली होती.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "शेडवर जाऊन येऊ."

"आज? कशाला? मेलेल्याचं तोंड किती वेळा बघायचं?"

"चल म्हटलं ना."

काकांनी शेड उघडून दिली आणि बाहेर ऊन खात बसले. तिने गोदामातून पेटी काढली. एक टोक तिने धरलं, एक त्याने. टेबलावर ठेवून झाकण काढलं, ओळ ओल्या स्पंजने पुसली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. जांभळ्यावर बोट ठेवलं नाही, शेजारच्या चुनखडीवर ठेवलं.

तो वाकला. आधी नाइलाजाने वाकला होता. मग त्याची मान थबकली. तो पुढच्या पोकळीकडे सरकला, मग त्याच्या पुढच्या.  शेवटी त्याने लाल बाणावर अंगठा ठेवला आणि आपल्या डाव्या हाताकडे असं बघितलं, जसं काही तो कोणा परक्याचा हात आहे.

"मदतनीस त्या संध्याकाळी तापाने पडला होता," तो हळूच म्हणाला. "मशीनवाले जेवायला गेलेले. ही ओळ मीच भरली. मला घाई झाली होती."

"कसली?"

"तुला फोन करायचा होता."

 त्याने भिंग खाली ठेवलं, ओळीतला एक तुकडा उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला. दुसरा फिरवला. हात चालत होते तसा चेहरा बदलत होता. "डोंगराच्या आत," तो पुटपुटला. "आत गेलाय. मागच्या उताराखाली. अगं, मग तिथे ग्रॅनाइट जवळ येतो. तिथे तर हा पट्टा..." आणि मग एकदम थांबला.

"तुला हे कधी दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. आजच शंका आली म्हणाली असती तर त्याने मानलं असतं.

"तू यायच्या आधी," ती म्हणाली.

"आधी म्हणजे?"

"फोटो काढताना. तू अजून वर होतास."

 तो कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही, पण चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"म्हणजे मी रोज तुझ्यासमोर स्वतःला गाढव म्हणून घेत होतो, आणि तुला माहीत होतं."

"हो."

"का गं?"

"तू हवा होतास म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काही कारण नाही. मला तू घरात हवा होतास. मला वाटलं, डोंगर काय, कसाही राहील. पण तू आलासच नाहीस रे. मी रोज बघतेय, येतच नाहीयेस."

ती रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता, मध्ये पेटी. त्याला राग आला होता, तो दिसत होता. आणि रागाच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, तेही दिसत होतं. त्याने कितीही दाबलं तरी डोळ्यांत येत होतं. तिने तो चेहरा ओळखला. फोनवरून ऐकलेल्या त्या आवाजाचा चेहरा हाच असणार.

"साहेबांना फोन कर," ती नाक पुसत म्हणाली. "मग माझ्यावर राग धर. वेळ आहे त्याला."

साहेबांनी आधी त्याला वेड्यात काढलं, मग फोटो मागवला, मग स्वतःच फोन केला. मशीन अजून पायथ्याशीच पडलं होतं, ट्रकच्या कागदावर कोणाची तरी सही राहिली म्हणून. जन्मात पहिल्यांदा कचेरीची दिरंगाई कामाला आली. सकाळी जीप जातेय, साहेब म्हणाले, बसा तिच्यात, मागचा उतार पायी तरी बघून या, मग ठरवू. पण ठरल्यासारखंच होतं. पेटी परत जागेवर ठेवताना तो म्हणाला, "निदान दोन वर्षं."

"माहीत आहे."

"तू आली असतीस तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. खडीची शाळा होती, आई होती, शेड होती. दोघांनाही पाठ होतं ते.

घरी येताना त्याने वाटेत तिचा हात धरला. राग गेला होता असं नाही, पण धरला. आईला आत्ताच काही सांगायला नको, तो म्हणाला, जेवण तरी सुखाने होऊ दे तिचं. उद्या निघताना सांगू.

आल्या आल्या त्याने खडीला बोलावलं, तो स्फटिक आणायला लावला आणि जेवणाच्या टेबलावरच डोंगर मांडला. पातेलं म्हणजे ग्रॅनाइट, त्यावर पालथी ताटली म्हणजे चुनखडी. पाणी कसं तापलं, कसं वर आलं, हे दाखवताना त्याने आमटी सांडली. तिने पुसलं तर त्याच जागी पुन्हा सांडली. ती ओरडली, "अरे, लहान आहेस का तू?" तर तो उलट तिच्यावरच ओरडला की शास्त्राच्या मध्ये फडकं आणू नये. खडी खुर्चीवर उभी राहून हसत होती. त्याने तीनदा मागून घेऊन खाल्लं, मिठाचा डबा कुठेतरी ठेवून हरवला, आईच्या ताटातली शेवटची फोड उचलली आणि आईने हातावर मारलं तसा जोरात हसला. किती दिवसांनी हसला.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका निवलेला तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्या तिच्याकडे झुकल्या आणि खडीला ऐकू जाऊ नये म्हणून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज वाटलं बाई मला, पोरगा घरी आला."

तिने मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.